बिनमुदतीचे आबा

मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रात एकाच महिन्यात हजारो माणसं माजी झाली, आणि आमच्या आबांना त्याचा मनस्वी संताप आला.

२५ जिल्हा परिषदांची आणि त्यांच्याखालच्या पंचायत समित्यांची मुदत त्या महिन्यात संपली. मुंबई महापालिकेची ७ तारखेलाच संपली होती. एरवी एक उठतो तेव्हा दुसरा गळ्यात हार घालून दारात उभा असतो. या खेपेला ओबीसी आरक्षण सर्वोच्च न्यायालयात अडकलं होतं, प्रभागरचना विधिमंडळात, आणि निवडणुकीची तारीख कोर्टाच्या पुढच्या तारखेत. जाणारे गेले, येणारं कुणीच आलं नाही. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक झाले. तालुक्याच्या स्टँडवर डोळे मिटून खडा मारला तर तो माजी सदस्यालाच लागावा, अशी परिस्थिती.

"ह्या पोरांनी बी आता माजी लावायचं?" आबा म्हणाले. "आरं, मुदत संपली म्हणून कुणी माजी होतंय व्हय? त्याला झिजावं लागतं."

आबा झिजले होते. २००२ च्या निवडणुकीत ते पंचायत समितीवर निवडून आले. सभापतिपदाची मुदत अडीच वर्षांची. पण इच्छुक दोन निघाले, तेव्हा नेत्यांनी बंद खोलीत अडीच वर्षांचे दोन सारखे तुकडे पाडले आणि दुसरा तुकडा आबांच्या पदरात टाकला. (पहिल्या तुकड्याच्या मालकाने ठरल्या दिवशी राजीनामा दिला. या गोष्टीचं कौतुक तालुक्यात अजून होतं.) सव्वा वर्ष आबा सभापती होते. ते सरल्यावर त्यांनी खुर्ची सोडली, सरकारी जीप सोडली, शिपाई सोडला. पद तेवढं घरी घेऊन आले.

घरी आलेल्या पदाला कागद लागतो. पायउतार होण्याच्या जरा आधीच आबांनी लेटरहेडं छापून घेतली होती, आणि हौशीपोटी दणकून घेतली होती. ती टाकून देणं त्यांच्या काटकसरी स्वभावात बसेना. म्हणून त्यांनी 'माजी' एवढ्याच दोन अक्षरांचा रबरी शिक्का करून घेतला. छापील 'सभापती'च्या अलीकडे तो उमटवायचा. शिक्क्याची गादी मात्र भिजवायची नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. परिणामी ठळक निळ्या 'सभापती'च्या डावीकडे कागदावर काहीतरी पुसट झाल्यासारखं दिसतं. उजेडात धरलं तर वाचता येतं. कायद्याचं पालन झालेलं आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. सत्ता म्हणजे काय, अधिकार म्हणजे काय आणि अधिमान्यता म्हणजे काय, हे तीन प्रश्न परीक्षेला हमखास येतात आणि मुलं तिन्हींना एकच उत्तर लिहितात. माक्स वेबर या जर्मन पंडिताने लोक दुसऱ्याचं का ऐकतात याची तीन कारणं सांगितली. पूर्वापार ऐकत आलोय म्हणून; त्या माणसात काही विलक्षण आहे असं वाटतं म्हणून; आणि नियमात तसं लिहिलंय म्हणून. पुस्तकात याला राजा, प्रेषित आणि नोकरशहा अशी उदाहरणं असतात. ती पोरांच्या डोक्यावरून जातात. मी आबा सांगतो.

पूर्वापार म्हणाल तर आबांच्या आजोबांकडे मुलकी पाटीलकी होती. सरकारने १९६२ च्या कायद्याने ती मोडीत काढली, दप्तर तलाठ्याकडे गेलं. पण कायद्याची ती बातमी बैलांपर्यंत पोचलेली नाही. बेंदराला वेशीतून पहिली जोडी अजून आबांचीच निघते, आणि आता आबांकडे बैल नसल्यामुळे ती भावकीतून उसनी आणावी लागते.

विलक्षण म्हणाल तर टँकर आहे. २००३ च्या दुष्काळात आबा सभापती असताना एका वाडीवर चार दिवस टँकर आला नव्हता. आबांनी रात्री जाऊन टँकरवाल्याला झोपेतून उठवलं आणि स्वतः शेजारी बसून टँकर वाडीवर आणला. हे खरं घडलेलं आहे. नंतरच्या काळात मात्र त्या टँकरला पोरंबाळं झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा ते तीन होते. मध्यंतरी एका लग्नात वक्त्याने सात सांगितले, आणि सगळ्यांत पुढच्या टँकरचं स्टिअरिंग आबांच्या हाती दिलं. आबांना गाडी चालवता येत नाही. ते व्यासपीठावर बसून नम्रपणे मान खाली घालून ऐकत होते.

आणि नियमात म्हणाल, तर वर सांगितलेला शिक्का.

एकदा आबांनाच मी हा वेबर ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या पक्षाचा?"

मी म्हटलं, "जर्मनीतल्या एका लोकशाहीवादी पक्षाचा होता, आबा."

"निवडून आलता का?"

इथे मला खरं ते सांगावं लागलं. जानेवारी १९१९ मध्ये तिथे संविधान सभेची निवडणूक होती. फ्रँकफुर्टच्या लोकांनी वेबरचं नाव पुढे केलं, पण पक्षातल्या जुन्या खोडांनी त्याला यादीत इतकं खाली ढकललं की निवडून येणं शक्यच नव्हतं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे त्याने राजकारणाच्या पेशावर ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं, आणि त्यात ही तीन कारणं सांगितली.

"हां," आबा म्हणाले. "तिकीट कापल्याबिगर एवढं कळत न्हाई माणसाला."

वेबरवर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. इतक्या थोडक्यात हा मुद्दा कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता प्रत्यक्ष कामकाज. सकाळी नऊला आबांच्या ओसरीवर माणसं जमतात. कुणाचं घरकुल, कुणाची रोजगार हमीतली विहीर, कुणाची डीपी जळालेली. आबा प्रत्येकाचं ऐकतात आणि फोन स्पीकरवर टाकून लावतात. "साहेब, आबा बोलतोय." पलीकडून "बोला, आबा" असं आलं की ओसरीचं निम्मं समाधान तिथेच होतं. पुढे पलीकडचा काय म्हणतो याला फारसं महत्त्व नसतं. एकदा तो म्हणाला, "आबा, ते माझ्याकडे येत नाही, माझी बदली होऊन तीन महिने झाले." आबा म्हणाले, "असू द्या, तिथनं लक्ष ठेवा."

रॉबर्ट डाल या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ मध्ये सत्तेची एक सोपी कसोटी दिली होती. एरवी जे 'ब'ने केलं नसतं ते 'अ'ने त्याच्याकडून करून घेतलं, तर 'अ'ची 'ब'वर सत्ता. या तराजूत आबा घातले तर पारडं जागचं हलत नाही. कारण आबांची खरी विद्या वेगळीच आहे. पंचायत समितीतल्या आवक-जावक टेबलावर त्यांचा एक जुना माणूस आहे. कुठली यादी मंजूर होऊन सहीला गेली, हे त्याच्याकडून आबांना आदल्या संध्याकाळी कळतं. मग रात्री ते त्या अर्जदाराला बोलावून घेतात आणि त्याच्यादेखत बीडीओ साहेबांना फोन करतात: "ह्याचं तेवढं बघा." दुसऱ्या दिवशी साहेब बघतात. बघणारच होते. आबांनी साहेबांकडून आजवर फक्त अशीच कामं करून घेतली आहेत जी साहेबांनी आधीच केलेली होती, त्यामुळे त्यांचा शब्द कधी खाली पडलेला नाही.

याला कुणी लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही. सत्ता असल्याचा लौकिक हीसुद्धा सत्ताच, असं थॉमस हॉब्ज १६५१ सालीच लिहून गेला आहे, आणि त्या लौकिकाची झीज भरून काढायला रोज पहाटे उठावं लागतं हे त्याने लिहिलेलं नसलं तरी आबांना ठाऊक आहे. शिवाय ही विद्याही आता अवघड होत चालली आहे. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. घरकुलाची यादी संगणकातून निघते. पैसे थेट खात्यावर पडतात. वेबरला अपेक्षित असलेली, चेहरा न बघता नियम बघणारी राजवट अखेर आमच्या तालुक्यात अवतरली आणि तिचं नाव पोर्टल. पोर्टलला आबांचा मुलाहिजा नाही. तरी आबांनी तिथेही वाट काढलीच. ते माणसाला सांगतात, "आज सर्व्हर डाऊन हाय, उद्या ये." उद्या सर्व्हर चालू झाला की तो कुणी चालू केला याबद्दल त्या माणसाच्या मनात शंका उरत नाही.

प्रशासकांचा काळ सुरू झाला आणि हा सगळा संसार पणाला लागला. आमचे बीडीओ परजिल्ह्यातले, तरुण, नियमाचे पक्के. सगळे अधिकार त्यांच्या एका सहीत आले होते. पूर्वी मासिक सभेत आरडाओरडा व्हायचा, माइक ओढला जायचा, कुणीतरी सभात्याग करून बाहेर चहा पिऊन परत यायचा. आता साहेब एकटेच. विषय तेच मांडणार, मंजुरी तेच देणार. सभात्यागाची सोय नाही. आमच्या वर्गात राज्यघटनेचं २४३-ई कलम शिकवायचा दिवस आला. पंचायतींची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, आपल्याकडं?" मी २४३-एफ कडे वळलो.

याच काळात अंगणवाडीचं प्रकरण झालं. एका गावाच्या दोन वस्त्या, इमारत एक. मार्चअखेर जवळ आलेली, निधी परत जायच्या बेतात. साहेबांनी नकाशा पाहिला, मोजमाप घेतलं, खालच्या वस्तीतली जागा निश्चित केली. निर्णय बरोबर होता. तो कायदेशीर होता, कागदावर होता, त्यावर गोल शिक्का होता. दुसऱ्या दिवशी आखलेल्या चुन्याच्या रेघांवर वरच्या वस्तीने म्हशी आणून बांधल्या. साहेबांनी नोटीस काढली. म्हशींवर तिचा परिणाम झाला नाही. पोलीस बंदोबस्ताचं पत्र तयार होत होतं, तेवढ्यात अभियंत्याने भीत भीत सुचवलं, "साहेब, आबांना एकदा..."

"कोण आबा? कोणत्या अधिकारात?" साहेबांनी विचारलं. प्रश्न राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत शोभावा असा होता. अभियंता गप्प बसला.

आबा गेले. आधी म्हशींच्या मालकाकडे बसले. अंगणवाडीचा विषय काढलाच नाही. त्याच्या म्हाताऱ्याची तब्येत, सोयरीक, उसाची तोड, असं तासभर. मग उठता उठता म्हणाले, "नारळ तुमच्या म्हाताऱ्याच्या हातनं फोडायचा म्हणतोय मी. खालच्या आळीचं कोण मोठं हाय त्याच्यापेक्षा?" संध्याकाळी म्हशी गोठ्यात होत्या. इमारत साहेबांनी आखली तिथेच झाली, एक फूटही इकडची तिकडे नाही. साहेबांना हे कुठल्या नियमात बसवावं ते समजेना. त्यांनी अहवालात लिहिलं, 'स्थानिक पातळीवर समन्वयाने विषय निकाली.' समन्वय म्हणजे आबा हे शासनाच्या फाइलीत कुठेही नोंदलेलं नाही.

मला याचं इंगित ठाऊक आहे, कारण ते रोज सकाळी माझ्या दारावरून जातं. आबा सावडण्याला जातात. दहाव्याला जातात. पंचक्रोशीत कुणी गेलं की उजाडता नदीवर आबा हजर. श्रद्धांजलीचं भाषण त्यांचं ठरलेलं आहे, मधलं नाव तेवढं बदलतं. एकदा तेही बदलायचं राहिलं आणि समोर बसलेल्या एका धडधाकट गृहस्थांना श्रद्धांजली मिळाली. लोक हसले, पण दुसऱ्या दहाव्याला आबांची वाट बघत कावळ्यासकट थांबले. साहेब एकाही दहाव्याला गेले नाहीत. त्यांनी जावं असं नियमात नाही, आणि गेले असते तरी कुणाचा दहावा हे विचारावं लागलं असतं. अधिकार मुंबईहून आदेशाने येतो, एका रात्रीत येतो. लोकांनी आपणहून मानणं ही गोष्ट मात्र नदीच्या काठावर, थंडीत, दुसऱ्याच्या दुःखात उभं राहून गोळा करावी लागते. आबांनी ती हिशेबाने गोळा केली की मायेने, हे मी कधी ठरवू शकलो नाही. बहुधा आबांनाही आता वेगळं काढता येणार नाही.

तालुक्यात सगळेच त्यांच्यावर लट्टू आहेत असं समजू नका. नव्याने माजी झालेल्यांपैकी एका तरण्या गड्याने भर चौकात विचारलं, "आबा, सव्वा वर्ष सभापती आणि वीस वर्षं माजी. तुमची मुदत संपती कधी?"

चौक हसला. आबाही हसले. पण मुद्दा बिनतोड होता. सभापतीला मुदत असते, आरक्षण असतं, त्याच्यावर अविश्वास ठराव येतो. माजी सभापतीवर अविश्वास ठराव कसा आणायचा? तो मांडायचा कुठे? ज्याला कुणी नेमलं नाही त्याला काढणार कोण? जगातल्या सगळ्या लोकशाह्यांनी राज्यकर्त्यांना घालवण्याचे मार्ग शोधून काढले. आबांसाठी कुणाकडे काही नाही.

एकच मार्ग होता, आणि तो आबांच्या स्वतःच्या हातात होता.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितलं. प्रभाग झाले, हरकती झाल्या, आरक्षणाची सोडत निघाली, आणि आबांचा गण सर्वसाधारण सुटला. रात्री ओसरीवर ही गर्दी. "आबा, आता नाही म्हणायचं नाही. बिनविरोध काढू." बिनविरोध हा शब्द आला तेव्हा आबांचा चेहरा मला पहिल्यांदाच उतरलेला दिसला.

कारण हिशेब आबांना पक्का कळत होता. वीस वर्षांत त्यांना कुणी मोजलं नव्हतं. प्रत्येक जण त्यांना मानतो असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर सगळं उभं होतं. उभं राहिलं की मोजणी आली. टेबलावर मतदान यंत्रं येणार, बटण दाबलं जाणार, आणि मग आकडा. साडेचारशेने पडलेला माणूस उद्या म्हशींच्या मालकाकडे कुठल्या तोंडाने बसणार? आणि निवडून आले तर त्याहून अवघड. मग खरोखरची कामं करावी लागणार, जी आधी झालेली नसतात.

आबांनी अर्ज भरला. वाजत गाजत भरला, फेटा बांधून. मग माघारीपर्यंत ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला तहसील कचेरीत जाऊन त्यांनी अर्ज मागे घेतला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "तरुणांना संधी मिळाली पाहिजे." उभ्या असलेल्या दोन्ही तरुणांनी पाय धरले. आबांनी एक हात याच्या डोक्यावर आणि एक त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघांच्याही प्रचारपत्रकावर आबांचा फोटो होता, तोच, फेट्यातला. निकाल लागला तेव्हा आबा घरीच थांबले होते, कोण आलं हे कळल्यावर ते बाहेर आले आणि म्हणाले, "आपला माणूस निवडून आला."

तो माणूस म्हणजे चौकात मुदत विचारणारा तोच गडी. यथावकाश तो सभापती झाला. मिरवणुकीआधी आशीर्वाद घ्यायला आला, पेढे दिले आणि कौतुकाने मोबाइलवर नव्या फ्लेक्सचा नमुना दाखवला. वर नेते, मध्ये तो स्वतः, आणि उजव्या कोपऱ्यात, नेत्यांच्याही फोटोपेक्षा मोठे, आबा. खाली सोनेरी अक्षरांत 'आमचे मार्गदर्शक'.

आबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. भाजपने २०१४ मध्ये अडवाणी आणि जोशींना मार्गदर्शक मंडळात बसवलं तेव्हापासून या पदाला महाराष्ट्रातला कुठलाही जाणता पुढारी घाबरून असतो, आणि आबा पेपर रोज वाचतात.

"फ्लेक्स छापाय गेला का?"

"संध्याकाळी जाईल, आबा. का?"

"हे काढ. माजी सभापती घाल," आबा म्हणाले. "आणि 'माजी' जरा मोठं घाल, लांबनं दिसाय पायजे."